लहानांत धरत नाहीत, मोठ्यांत बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा १५ फेब्रुवारीला बालकर्करोग दिनानिमित्त आपल्या अंकात एक फोटो आला होता. केस गेलेली चार-पाच वर्षांची पोरगी, हातात फुगा, शेजारी खेळणी वाटणारे पाहुणे. फोटो छान होता आणि वाटणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण तो बघून माझा मुलगा म्हणाला, "अप्पा, मला कुणी फुगा दिला नाही बघा." म्हणाला हसत हसतच. मी गिरणी बंद करून आलो आणि लिहायला बसलो.

मी बार्शी तालुक्यात पिठाची गिरणी चालवतो. पोरगा अकरावीत होता तेव्हा त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. कबड्डी खेळतो, लागले असेल, असे धरून आम्ही दोन महिने तेल चोळले. एका मालिशवाल्याकडे चार खेपा केल्या. ही माझी चूक आहे आणि ती मी मुद्दाम लिहितोय. वाढीच्या वयातले पोर गुडघ्याच्या दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वर सूज दिसत असेल, तर चोळू नका, आधी एक्स-रे काढा. आमच्या पोराला ऑस्टिओसार्कोमा निघाला, म्हणजे हाडाचा कॅन्सर. हा आजार बहुतेक याच वयात, आणि बऱ्याचदा गुडघ्याजवळच होतो, हे मला परळला गेल्यावर कळले.

परळच्या टाटा रुग्णालयाविषयी मी काय लिहू? १९४१ सालापासून ते आख्ख्या देशाचे दुखणे काढते आहे. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. गुडघ्याकडचे हाड काढून आत धातूचा सांधा बसवला, पाय वाचला. महात्मा फुले योजनेत कागद बसले, त्यामुळे औषधांचा आणि ऑपरेशनचा मोठा भार उतरला. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचे तिकीट फुकट असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. तेव्हा लोक जेव्हा विचारतात, "मग तुमचा खर्च तो काय झाला?", तेव्हा मला सांगता येत नाही. गिरणी महिनोन्‌महिने बंद राहिली, हा खर्च कुठल्या कागदावर येतो? गिऱ्हाईक थांबत नाही. घरात पीठ संपले की माणूस डबा उचलून दुसऱ्या गिरणीवर जातो, आणि एकदा गेलेला डबा परत येत नाही.

पण केमो चालू असताना गावाला परत का गेला नाहीत, असेही विचारतात. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी काउंट खाली येतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या दिवसांत ताप आला तर तासाभरात रुग्णालय गाठायचे असते. आमच्या पोराला केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर रात्री दोन वाजता १०२ ताप चढला. तेव्हा आम्ही बार्शीत असतो तर कुर्डुवाडीची गाडी कधी धरणार आणि परळला कधी पोहोचणार? त्यामुळे मुंबईत राहावेच लागते.

आणि मुंबईत राहायचे कुठे? पहिल्या नऊ रात्री आम्ही जेरबाई वाडिया रस्त्याच्या फुटपाथवर काढल्या. तिथे आमच्यासारखीच बिहारची, बंगालची, विदर्भाची माणसे प्लास्टिक बांधून राहत होती. जीवनज्योत ट्रस्टची माणसे जेवण देत, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात नाव घातले, तिथे रांग मोठी. शेवटी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. बाबांचे नाव दारावर बघून बायकोची आई, म्हणजे माझी सासू, खाली बसून रडली होती.

सेंट ज्यूड्स म्हणून एक संस्था २००६ पासून मुंबईत लहान मुलांच्या कुटुंबांना स्वतंत्र जागा, स्वयंपाकघर, शिकवणी असे सगळे फुकट देते. त्यांचे काम लहान मुलांचे आहे, ते त्यांनी तसेच चालवावे. माझे म्हणणे बाकीच्यांसाठी आहे. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मदतीचा अर्ज घेऊन गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी वय बघून कागद परत सरकवला. "सतरा? मग हे आमच्याकडे नाही." दुसऱ्या ठिकाणी मोठ्यांच्या यादीत नाव टाकायला गेलो तर म्हणाले, कमावता माणूस आजारी असेल तर देतो. म्हणजे लहानात धरत नाहीत आणि मोठ्यात बसत नाही. मिसरूड फुटलेल्या पोराला बघून कुणाला पान्हा फुटत नाही, हे खरे आहे. मला स्वतःलाही आधी कुठे फुटत होता? गिरणीच्या बाहेर रुग्णांसाठी मदतीचा डबा ठेवला होता, त्यावर लहान बाळाचेच चित्र होते.

या वयाच्या गरजा वेगळ्या असतात. केमो सुरू व्हायच्या आधी एका समाजसेविका ताईंनी मला बाजूला बोलावले आणि सांगितले की या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून आधीच वीर्य साठवून ठेवता येते. मी गिरणीवाला माणूस. पोराशी असल्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. ताईच बोलल्या, मी व्हरांड्यात पाणी पीत उभा राहिलो. मग बाहेरच्या लॅबला आम्ही दोघे टॅक्सीने गेलो आणि सगळ्या वाटेत फक्त क्रिकेटवर बोललो. साठवण्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, ते कुठल्या योजनेत येतात का याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. हे छापायचे की नाही ते आपण ठरवा, पण किती आईबापांना हे कुणी सांगतच नसेल, म्हणून लिहिले.

एकदा देणगी देणारे लोक धर्मशाळेत आले. चादरी आणि टिफिन होते, वस्तू चांगल्या. फोटो काढताना त्यांच्यातला एकजण पोराला म्हणाला, टोपी काढ. पोरगा म्हणाला, "चादर ठेवा तुमची, टोपी निघणार नाही." मी त्याच्यावर ओरडलो, लोकांसमोर. रात्री तो माझ्याशी बोलला नाही. आता वाटते, त्याचेच बरोबर होते. सहा वर्षांच्या पोराला टकलाचे काही वाटत नसेल; सतरा वर्षांच्या पोराचे सगळे मित्र मोबाइलवर असतात.

तोंड आले तेव्हा त्याला भाकरी जाईना. भात बघितला की ओकारी. मी गावी जाऊन मालदांडी ज्वारीच्या कण्या काढून आणल्या, पाटे ढिले करून, जाड. आमच्याकडे कण्या ताकात शिजवतात. डाएटच्या ताई म्हणाल्या, काउंट कमी आहेत, ताक नको. मग त्याच्या आईने दुधात शिजवल्या, गार केल्या, आणि पोराने चमच्याचमच्याने वाटी संपवली. शेजारच्या खोलीत नाशिककडचे एक काका होते, त्यांचा पुतण्या एकवीस वर्षांचा, त्याला रक्ताचा कॅन्सर. त्याला कण्या आवडल्या. त्यानंतर प्रत्येक खेपेला मी दोन किलो जास्त आणत असे. या काकांनी तापाच्या त्या रात्री आपल्या हाताने टॅक्सी थांबवली होती आणि पैसे घ्यायला नकार दिला होता.

समाजसेविका ताईंनीच सांगितले की इंग्लंडात टीनएज कॅन्सर ट्रस्ट नावाची संस्था आहे. १९९० साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी या वयाच्या मुलांसाठी पहिला वेगळा वॉर्ड काढला, आणि आज ते १३ ते २४ वयाच्या मुलांसाठी काम करतात. आपल्याकडे एकदम वॉर्ड नको म्हणा. पण वर्गणी गोळा करणारी मंडळे, रोटरी, लायन्स, गावोगावची गणेश मंडळे मुंबईतल्या एखाद्या धर्मशाळेत दोन खोल्या पंधरा ते पंचविशीच्या मुलांसाठी राखून ठेवू शकतात, जिथे आई आणि बाप दोघांनाही राहता येईल आणि पोराला आडोशाला कपडे बदलता येतील. बापाचा बुडालेला रोज महिनाभर भरून द्या. खेळण्यांऐवजी मोबाइलचा रिचार्ज द्या, खरेच सांगतो, दवाखान्यात त्याची फार गरज असते. आणि फोटो काढायचाच असेल तर आधी विचारा.

पोराचे बारावीचे वर्ष गेले. आता त्याने १७ नंबरचा फॉर्म भरला आहे, बाहेरून बसतोय. काठी घेऊन गिरणीवर येतो, स्टुलावर बसून पाय सरळ ठेवतो आणि डब्यांवर खडूने नावे टाकतो. दर तीन महिन्यांनी तपासणीला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जायचे, पहाटे दादरला उतरायचे. पुढची तारीख एप्रिलात आहे. नाशिकचे काका पुतण्याला घेऊन अजून तिथेच आहेत. त्यांना चार किलो कण्या न्यायच्या आहेत.

आपला,
एक गिरणीवाला
ता. बार्शी, जि. सोलापूर
(पोराची इच्छा आहे म्हणून नाव छापू नये)