पिल्लं देऊन टाकली की झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भटक्या कुत्र्यांबद्दलचं कालचं वाचकपत्र वाचलं. महापालिकेने काय काय करायला हवं, हे पत्रलेखकाने तळमळीने लिहिलंय. पण ज्यांच्या घरात कुत्री आहे त्यांनी काय करावं, यावर एक ओळ नाही. मी त्यांच्यातलीच, म्हणून लिहिते.

आमची राणी सहा महिन्यांची असताना डॉक्टर म्हणाले होते, पहिल्यांदा हीटवर, म्हणजे माजावर, यायच्या आधी नसबंदी करून घ्या, पुढे स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. सासूबाई म्हणाल्या, मुक्या जिवाला एकदा तरी आई होऊ द्यावं, नाहीतर पाप लागतं. मलाही तेच वाटलं. दोन वर्षांची असताना तिला सहा पिल्लं झाली. नर लगेच गेले. फोनवर पहिला प्रश्नच असायचा, "नर आहे ना?" तीन माद्या राहिल्या, त्या मी ओळखीच्यांच्या गळ्यात मारल्या.

दीड वर्षाने त्यातली एक मला स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीमागे दिसली. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून ओळखली. हाडं वर आलेली आणि अंगाला लुचणारी चार पिल्लं. जिथे दिली होती तिथे फोन केला. "अहो, हीटवर आली की दारात कुत्र्यांची झुंबड. कंटाळून सोडली." मी खूप बोलले त्यांना. पण पिल्लू देताना नसबंदीचा विषय मीही काढला नव्हता.

राणी नवव्या वर्षी गेली. हीट संपून महिना झाला असेल. सारखी पाणी प्यायची, खाणं सोडलं. उन्हाळ्यामुळे असेल म्हणून आम्ही चार दिवस काढले. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदीचं, म्हणजे गर्भाशय काढायचं, जे ऑपरेशन सहा महिन्यांच्या तरतरीत कुत्रीला सहज झेपलं असतं, ते शेवटी तापाने फणफणलेल्या राणीवर करावं लागलं. ती टेबलावरून उठलीच नाही.

"आमचा नर आहे, आम्हाला काय?" म्हणणाऱ्यांनी तो रात्री फाटकाबाहेर कुठे जातो ते बघावं. आणि मांजर पाळणाऱ्यांनो, पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी स्थानिक संस्थांकडे आहे, घरच्या जनावरांची जबाबदारी मालकावर आहे. सगळं महापालिकेवर ढकलून कसं चालेल?

जाता जाता आणखी एक. कालचं पत्र ज्या अंकात आहे, त्याच अंकात छोट्या जाहिरातींत 'जातिवंत पिल्ले मिळतील' अशा तीन जाहिराती आहेत. त्या घेणं बंद करा. निदान आईबापांची नसबंदी कधी करणार, एवढं तरी जाहिरातदाराला विचारा.

– एक वाचक, मिरज