लाल कांदा वाट बघत नाही, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी मोहोळ तालुक्यातला कांदा उत्पादक. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी लागू झाली, तेव्हा माझा कांदा काढून, पात कापून शेतात ढिगाला लागला होता. त्याच आठवड्यात, बंदीच्या आधी, शेजाऱ्याचा तसाच माल सोलापूरच्या लिलावात क्विंटलला 3,400 ने गेला होता. बंदीनंतर माझ्या पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) भाव पडला 1,900. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून जे हातात आलं, ते काढणीच्या मजुरीत गेलं. आणि त्याच दिवसांत आपला कांदा घेणाऱ्या बांगलादेशात, ढाक्यात, कांदा किलोला 200 टका (तिथलं चलन) याच्या वर गेला होता.

दोन बाजारांच्या भावात फरक राहणारच. सोलापूरहून बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्यापर्यंतचं भाडं, बारदाना, वाटेतली घट, व्यापाऱ्याचे चार पैसे, एवढा फरक रास्त आहे. त्याहून वाढला की व्यापारी गाडी भरतो. इथला भाव थोडा चढतो, तिथला उतरतो. दोन्हीकडच्या गरिबाला सांभाळणारी ही साधी व्यवस्था आहे. सीमा अचानक बंद झाली की तीच मोडते.

नाशिककडचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने थांबतो. आमचा लाल कांदा थांबत नाही. पंधरा-वीस दिवसांत कोंब फुटतो, गोणी खालून ओली होते. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात आवक टिपेला असते आणि बंदी आली ती नेमकी तेव्हा. 4 मे 2024 ला ती उठली, तोवर आमच्या शेतात त्या हंगामातलं काही उरलं नव्हतं.

2019, 2020, 2023. तीन वेळा हेच झालं. दर वेळी बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान अशी दारं ठोठावली, स्वतःची लागवडही वाढवली. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की परत आणणं किती अवघड, हे सोलापूरच्या पेठेत कुणालाही विचारा. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा मुक्त व्यापार करार, 1 जानेवारी 2006 पासून लागू आहे, तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के आहे. आग्नेय आशियात हेच प्रमाण साधारण पाव हिस्सा आहे. करार कागदावर असून भागत नाही. शेजाऱ्याला आपल्या शब्दाची खात्री हवी.

दिल्ली-मुंबईत कांदा महागला की तुमच्यावर दबाव येतो, हे मला समजतं. तो खाणाराही आपलाच माणूस आहे. त्यासाठी सरकारचा राखीव साठा आहे, तो वेळेवर बाजारात आणावा. 1 एप्रिल 2025 पासून निर्यातशुल्क काढलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण उद्या पुन्हा एका रात्रीत बंदी येणार नाही, याची हमी आजही आमच्याकडे नाही.

म्हणून मागणी करतो. डिसेंबर 2022 मध्ये बांगलादेशाने कांद्यासह जीवनावश्यक मालाचा वार्षिक कोटा मागितला होता. तो करार करा आणि टंचाईतही तेवढा माल जाऊ द्या. निर्बंध घालावाच लागला तर थोडं शुल्क लावा, सरसकट बंदी नको. वाटेत असलेल्या गाड्या अडवू नका. आणि जे ठरेल ते मे महिन्यात जाहीर करा, कारण जूनमध्ये आम्ही रोप टाकतो.

आपला,
मोहोळ तालुक्यातील एक कांदा उत्पादक, जि. सोलापूर