तळपायाचा तीळ

नाशिक, गुरुवार रात्र

प्रिय अव्या,

दोन वर्षं फोन नाही की पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे आहेत तसेच.

हरिश्चंद्रगड उतरून ओढ्यात पाय सोडून बसलो होतो, तेव्हा तू म्हणालास, "सद्या, हा तळपायाचा तीळ वाढलाय, कुणाला तरी दाखव." मी म्हणालो, "विमा विकणाऱ्याने डॉक्टरकी करू नये." तिथेच बिनसलं. पाण्याची बाटली मात्र तूच विसरला होतास, ते मी सोडलेलं नाही.

तर सोमवारी दाखवला. हिचं म्हणणं, लेझरने जाळून टाका. डॉक्टरीणबाई ते ऐकूनच भडकल्या : जाळल्यावर तपासायचं काय, राख? मग जेल लावून दिव्याचं भिंग टेकवलं आणि स्क्रीनवर मलाच दाखवलं. तळव्याला रेघा असतात ना, अगदी सरी-वरंबा! रंग सरीत उतरलेला असेल तर बहुधा साधा तीळ. वरंब्यावर बसला असेल तर कॅन्सरचा संशय. माझा एका कडेला वरंब्यावर. नऊ मिलिमीटर. सहाच्या पुढे गेला की त्या कान टवकारतात, आणि त्यात माझा वाढता.

म्हटलं, मी कुठे उन्हात हिंडतो? तर म्हणे, आपल्या रंगाच्या माणसांत हा कॅन्सर बऱ्याचदा तळव्यावर, नखाखाली निघतो, उन्हाशी त्याचं देणंघेणं नाही. तुझ्या हॉस्टेलच्या भिंतीवरचा गायक बॉब मार्ले आठवला. त्याचा पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच होता. १९८१ साली ३६व्या वर्षी गेला. आपण समजायचो गांजाने गेला!

काल तीळ काढला. मुख्य म्हणजे तो कातडीत किती खोल गेलाय ते बघणार. कॅन्सर निघाला आणि मिलिमीटरच्या आत असला, तर भोवतालची सेंटीमीटरभर कातडी आणखी काढून बहुतेकदा भागतं. रात्री पोराची पट्टी घेऊन एक मिलिमीटर बघत बसतो. दोन रेघांत नखसुद्धा मावत नाही रे.

आजी म्हणायची, तळपायाला तीळ म्हणजे परदेशवारी. गेला तुझा पोरगा जर्मनीला! रमलाय ना? वहिनींची बदली टळली का?

रिपोर्ट बुधवारी चार वाजता. हिला फक्त "तीळ काढला" एवढंच सांगितलंय, वरंब्याचं नाही. येशील? बाटली मी आणतो.

तुझा,
सद्या