प्रशिक्षण पेरणीच्या आधी द्या

संपादक साहेब, नमस्कार. आमच्याकडं लातूर भागात सगळं सोयाबीनवर चालतं, पण शेतकऱ्यांची ट्रेनिंग नेमकी पेरणी उरकल्यावर होते, मागच्या वर्षी गावात मीटिंग झाली तवा माझं सोयाबीन दोन पानावर आलेलं होतं, आता सांगा बीजप्रक्रिया, म्हणजे पेरायच्या आधी बियाण्याला औषध चोळणं, तेव्हा ऐकून काय करायची?

बियाणं उगवतं का ते तपासायचं काम पण खरं तर सोपं आहे. घरचं बियाणं असेल तर 100 दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्यात 70 च्या वर कोंब दिसले की बियाणं पेरायला चांगलं. माझ्या आईनं हे करून बघितल्यावर शेजारच्या तीन घरांनी पण करून बघितलं, एकाच्या गोणपाटात फक्त 41 उगवले, ते बियाणं पेरलं नाही म्हणून त्याची दुबार पेरणी वाचली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे पण मे महिन्यातच कानावर पडायला पाहिजे, एक वळीव झाला की लोक तिफण जुंपतात.

जनावरांचं पण तसंच, घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस पावसाळ्याआधी टोचली तरच उपयोग. कृपया हे मेमध्येच गावोगावी, संध्याकाळी पारावर सांगा, बाया पण येतील.

– एक शेतकरी, ता. औसा