घंटीची दोरी माझ्याच हातात होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं. संमोहन म्हणजे आपलं मन दुसऱ्याच्या ताब्यात देणं, आणि बायकांनी तर त्या वाटेला जाऊच नये, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र आमच्या डेपोत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. मी तेव्हा कॅश भरत होते. घरी जायची घाई होती म्हणून काही बोलले नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्या पत्रामुळे एखादी बाई उपचाराच्या दारातून माघारी फिरेल, हे मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे.

मी दापोली तालुक्यातली. एसटीत वाहक म्हणून तेरा वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. पहाटे साडेपाचची मुंबई गाडी असली की मी साडेतीनला उठायची आणि घर सोडेपर्यंत चार वेळा जाऊन यायची. खेड मागे पडून गाडी कशेडी घाटाला लागली की पोटात कळ यायची. आता बोगदा झालाय, तेव्हा घाटच होता. पन्नास माणसं गाडीत, हातात तिकिटाचं मशीन, आणि पोलादपूर यायला अजून अवकाश. दोन वेळा ड्रायव्हरदादांना गाडी बाजूला घ्यायला सांगावी लागली. दादा भले माणूस, काही विचारलं नाही. पण गाडीभर माणसांच्या नजरेसमोरून खाली उतरताना बाईमाणसाला काय होतं, ते बाईमाणसालाच कळेल. पुढे मी आदल्या रात्रीचं जेवण बंद केलं. मग चहा. मग लग्नकार्यं, कारण तिथे गेलं की पहिली नजर संडास कुठे आहे हे शोधायची.

सासूबाईंनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. त्यांच्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टरही केले. रक्त, शौच, सोनोग्राफी, शेवटी दुर्बिणीची तपासणी. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर फाइल मिटून सांगितलं, "बाई, तुमच्या डोक्यात आहे सगळं." त्या दिवशी मी स्टँडच्या बाकावर बसून रडले. दुखत होतं ते पोटात, आणि हे म्हणतात डोक्यात.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र नीट बसवून समजावलं. याला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नसते, सूज नसते, पण आतडं आणि मेंदू यांच्यातली निरोपानिरोपी बिघडलेली असते. आतड्याच्या साध्या हालचालीलाही मेंदू धोक्याची घंटा समजतो, घाबरतो, आणि त्या घाबरण्याने आतडं आणखी वळवळतं. वर्षभर औषधं घेतली, थोडाच फरक पडला. तेव्हा त्यांनीच चिपळूणला येणाऱ्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाच्या दुखण्यांवर औषधांविना उपचार करणाऱ्या, मॅडमच्या नावाने चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "त्या संमोहनाने उपचार करतात. भिऊ नका."

मी भ्यायलेच होते. आमच्याकडे एकदा हॉलमध्ये संमोहनाचा प्रयोग झाला होता. माझा भाचा स्टेजवर गेला आणि लिंबाची फोड हापूसची फोड म्हणून मिटक्या मारत खाल्ली. मला वाटलं, या मॅडमही माझं असंच काही करणार. मी त्यांना तसं स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, स्टेजवाला आधी सगळ्या हॉलला हात गुंफायला लावतो की नाही? ज्यांचे हात चटकन गुंफलेले राहतात, तेवढेच तो वर बोलावतो. त्या पोरांना करून दाखवायची हौस असते आणि समोर गर्दी असते. इथे गर्दी नाही. तुम्हाला नको असेल ते तुम्ही करणार नाही."

मग त्यांनी काय केलं, ते सविस्तर सांगते, कारण लोकांना नेमकं तेच माहीत नसतं. लंबक नाही, डोळ्यांत डोळे घालणं नाही. साधी खुर्ची. खांदे, जबडा, तळवे एकेक करून सैल सोडायला लावले, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मला झोप लागली नव्हती. बाहेर रिक्षा वळल्याची, शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीची जाणीव होती. फक्त ते सगळं लांब गेलं होतं. दोन्ही तळवे पोटावर ठेवायला सांगितले आणि त्यांची ऊब आत उतरतेय असं मनात आणायला. मग त्या म्हणाल्या, शांत वाहणारी नदी बघा. मला नदी दिसेना. आम्ही दाभोळच्या खाडीकाठची माणसं. मी डोळे मिटूनच म्हटलं, "मॅडम, मला ओहोटी दिसतेय." त्या लगेच म्हणाल्या, "मग ओहोटीच." पाणी आपल्या वेळेने, आपल्या चालीने खाली सरतंय, कुठे खळखळ नाही, मागे ओली वाळू. माझं पोट त्या चालीने चालतंय.

तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. गाडी कशी थांबते, कशी सुटते? मी सांगितलं, सिंगल बेल थांबायला, डबल बेल निघायला. त्यांनी विचारलं, "मधेच एखाद्या प्रवाशाने उगाच दोरी ओढली तर?" म्हटलं, ड्रायव्हर आरशात माझ्याकडे बघतो. मी मान हलवली की गाडी पुढे. त्या दिवसापासून तेच चित्र. पोटात कळ आली, म्हणजे कुणीतरी दोरी ओढली. ड्रायव्हर आरशात बघतोय. मी डबल बेल देते.

संपादक महोदय, मन दुसऱ्याच्या ताब्यात देणं ते हे? ओहोटी माझी, दोरी माझी. मॅडमनी फक्त माझं लक्ष माझ्याच हाताशी आणून ठेवलं. आठवड्याला एक अशा बारा बैठका झाल्या आणि रोज रात्री वीस मिनिटं घरी मोबाइलवर त्यांचं रेकॉर्डिंग ऐकून सराव केला. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत काहीच वाटलं नाही, सोडून द्यावं असं दोनदा मनात आलं. सातव्या आठवड्यात एकदा माणगाव आलं आणि ध्यानात आलं, कशेडी कधीच मागे पडली. आजही महिन्यातून एखादा दिवस वाईट जातो. पण तो एक दिवस असतो.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिने इंग्रजीतलं वाचून मला समजावलं. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जननी झोपेच्या ग्रीक शब्दावरून या विद्येचं नाव रूढ केलं. पुढे त्यांनाच ते चुकीचं वाटलं, कारण ही झोप नव्हेच, मन एका विचारावर ठरणं आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं. इंग्रजीत झोप आणि आपल्या भाषेत मोह, दोन्ही नावं माणसाला चुकीच्या वाटेला लावतात. आपल्या देशातही हे नवं नाही. क्लोरोफॉर्म यायच्या आधी, १८४५ साली, बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचे डॉक्टर याच्याच जुन्या रूपाने माणसं शांत करून शस्त्रक्रिया करत होते. आणि माझ्या दुखण्यावरचा पहिला नीट प्रयोग १९८४ मध्ये मँचेस्टरला झाला, औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवर. तिथल्याच उपचार केंद्राने २०१५ मध्ये १,००० रुग्णांचा हिशेब मांडला; त्यातल्या ७६ टक्क्यांना चांगला उतार पडला होता. तो त्यांनीच मांडलेला त्यांचा हिशेब, हेही मुलीने सांगितलं. पण इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही २००८ पासून, वर्षभर औषधांनी गुण न आलेल्या आयबीएसच्या रुग्णांसाठी हा पर्याय दिलेला आहे.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच मनाला लागते. "एका बैठकीत तंबाखू सुटेल, गॅरंटी" अशी जाहिरात वाचून हर्णैला बोटीवर जाणारा माझा भाऊ पैसे भरून आला. पंधरवड्यात पुडी परत खिशात. तंबाखूच्या बाबतीत संमोहन बाकीच्या उपायांपेक्षा सरस आहे असं संशोधनात सिद्ध झालेलं नाही, मग गॅरंटी कसली देतात? माझा भाऊ तेव्हापासून म्हणतो, "माझ्याने व्हायचंच नाही." पैसे गेले त्याचं दुःख नाही, त्याची उमेद गेली. सगळ्यांना संमोहनाचा सारखा गुण येत नाही, काहींना फारच कमी येतो, हे त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर त्याने दोष स्वतःला लावला नसता. आणि कुणी "मागच्या जन्मात नेतो", "लहानपणीचं विसरलेलं बाहेर काढतो" म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. तशा अवस्थेत न घडलेलंही घडल्यासारखं आठवू शकतं, आणि त्यापायी घरं मोडतात.

म्हणून माझ्या बहिणींना एवढंच सांगते. आधी तपासण्या करा. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल तर संमोहनाचं नावही काढू नका, पोटाच्या डॉक्टरांकडे जा. पुढे जायचंच झालं तर समोरचा माणूस मानसोपचारतज्ज्ञ आहे का, की भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, हे तोंडावर विचारा. माझ्या मॅडमनी न विचारताच नोंदणीचा कागद दाखवला होता. पूर्वी कधी मनाचा मोठा आजार झाला असेल, भास होत असतील, तर तेही आधीच सांगा.

आणि आपल्याला विनंती, एखाद्या जाणत्या डॉक्टरांकडून या विषयावर नीट लिहून घ्या. आमच्याकडे अशा उपचारासाठी दापोलीहून चिपळूणला अख्खा दिवस मोडून जावं लागतं. ज्या बाईला बसमध्ये बसण्याचीच धास्ती आहे, तिने तिथवर पोचायचं कसं? तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून दोन दिवस जरी कुणी बसलं, तरी किती जणींची सोय होईल.

माझं नाव छापू नये. मला माझ्या दुखण्याची लाज वाटत नाही, पण आमच्या डेपोत याच दुखण्याच्या आणखी दोघी आहेत आणि माझ्या नावावरून लोक त्यांना ओळखतील. त्या दोघींना मी हे पत्र आधी वाचून दाखवलं आहे. एक जण पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर चिपळूणला यायला तयार झाली आहे.

उद्या पहाटेची मुंबई माझ्याकडे आहे. आज रात्री घरी बांगड्याचं तिखलं आहे, पोटभर जेवूनच झोपणार आहे.

आपली,
एक एसटी वाहक
ता. दापोली, जि. रत्नागिरी