बीआरटी उखडून कोंडी सुटेल?

कोंडी सोडवण्यासाठी पुण्यातील नगर रस्त्यावरील बीआरटी मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, काढून टाकण्याचा निर्णय मला पटलेला नाही. देशातला पहिला बीआरटी प्रयोग २००६ मध्ये पुण्यातच, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर झाला. नगर रस्त्याची मार्गिका २०१६ मध्ये आली. तिच्यात त्रुटी होत्याच. चौकात मार्गिका तुटायची, खासगी वाहने सर्रास घुसायची, रस्त्याच्या मधोमध असलेला थांबा गाठताना ज्येष्ठांना जीव मुठीत धरावा लागायचा. पण त्यावर उपाय वॉर्डन, सिग्नल आणि पादचाऱ्यांसाठी सुरक्षित वाट हा होता. मोकळी झालेली जागा मोटारीच व्यापणार आणि पन्नास-साठ प्रवासी घेऊन निघालेली पीएमपीची बस त्यांच्याच मागे अडकणार. वाघोलीहून रोज कामाला येणाऱ्यांच्या वेळेचा हिशेब महापालिकेने जाहीर करावा.

– एक पीएमपी प्रवासी, वाघोली