शेजारच्या काकांना, आईच्या पापणीबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्ही फेसबुक बघत नाही हे माहितीय, म्हणून वहिनीला टॅग केलंय, ती वाचून दाखवेल. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं ते जाऊ दे, चहा टाक" म्हणून विषयच बदलता, त्यामुळे आता चारचौघांत लिहितेय, कुठे पळणार.

आईला काय होत होतं ते आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात निम्म्या लोकांना माहितीय आणि निम्म्यांनी आपापलं ठरवलेलं आहे. सकाळी एकदम ठणठणीत, आणि दिवेलागणीला डावी पापणी खाली यायची, एकाचे दोन दिसायचे, खाखरा अर्धा खाल्ला की जबडा दमायचा, मग ती हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावायची. फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागायचा. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, आणि नातेवाईक तर काय, सकाळी बाजारात जाते आणि रात्री भांडी आली की हिचे हात उचलत नाहीत, नाटकं सगळी. हे तिच्या कानावर जायचं. पुढे न्यूरॉलॉजिस्टनी ग्लव्हमध्ये बर्फ भरून दोन मिनिटं तिच्या पापणीवर धरला आणि पापणी वर गेली!! मग रक्ताची टेस्ट, छातीचा सीटी स्कॅन, आणि कागदावर नाव आलं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नाव कळलं पण घरात कुणाला काही कळलं नाही.

आणि त्या संध्याकाळी तुम्ही तो गुंडाळी केलेला जुना कागद घेऊन आलात. मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी लॅबमध्ये जन्म काढलात हे माहीत होतं, पण प्रयोगाच्या फिरत्या ड्रमवरचा काजळी धरलेला कागद, वर वार्निश मारलेला, इतकी वर्षं कपाटात जपून ठेवलाय हे काकूंना तरी माहीत होतं का? काळ्या कागदावर पांढऱ्या उभ्या रेघा, डावीकडे उंच आणि मग एकेक करत बुटक्या, बुटक्या, शेवटी नुसती टिंबं. आणि त्यानंतर एकदम एक परत उंच रेघ. बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याची नस, नसेला करंटचे झटके देत राहायचं, एकेक रेघ म्हणजे स्नायूचं एकेकदा उडणं, आणि स्नायू दमत गेल्यासारखा दिसतो. मग नस सोडून झटका थेट स्नायूला दिला की तो परत उडतो. तुम्ही त्या शेवटच्या रेघेवर बोट ठेवून आईला विचारलंत, "आता सांगा वहिनी, दमलं कोण?" स्नायू तर दमला नव्हता, आणि नस इतक्या लवकर दमत नाही, म्हणजे दमली ती दोघांच्या मधली जागा. आई त्या रेघेकडे किती वेळ बघत बसली होती ते तुम्ही पाहिलंत ना.

ती मधली जागा किती, तर मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. नस स्नायूला चिकटलेलीच नाही हे मला बी.कॉम.वालीला काय माहीत. विजेचा सिग्नल नसेच्या टोकाला येतो, तिथे कॅल्शियम आत शिरतं, आणि असिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या बारीक पिशव्या फुटून माल फटीत सांडतो, एकेका पिशवीत हजारो रेणू, पलीकडे स्नायूवर रिसेप्टर असतात, एका रिसेप्टरला दोन रेणू बसले की दार उघडून सोडियम आत, आणि स्नायू आखडतो. लगेच तिथलंच एक एन्झाइम उरलेलं असिटिलकोलीन तोडून टाकतं, नाहीतर स्नायू मोकळाच होणार नाही. तुटलेल्यातलं कोलीन नस परत आत ओढून घेते आणि नवीन बनवते. हे सगळं एक पापणी लवायला!

आणि आईचं काय बिघडलंय तर तिच्याच शरीराच्या अँटिबॉडीज त्या रिसेप्टरवर उठल्यात. तुमचं पंगतीचं उदाहरण मी अजून सगळ्यांना ऐकवते, पाहुणे म्हणजे असिटिलकोलीन, पाट म्हणजे रिसेप्टर, दारावरचा माणूस म्हणजे ते एन्झाइम: पाहुणे भरपूर आलेत पण निम्मे पाट कुणीतरी मोडून ठेवलेत, त्यात दारावरचा माणूस बसायला जागा न मिळालेल्यांना हाकलतोय, आपली गोळी फक्त त्या माणसाला जरा हळू करते, म्हणजे उरलेल्या पाटांवर तेच पाहुणे परत परत बसून बघतात. बर्फानेही तेच होतं, थंडीत ते एन्झाइम मंदावतं, म्हणून पापणी वर गेली. सकाळी चांगली आणि रात्री नाही, हे पण बसलं. मेहनतीबरोबर एकेका झटक्याला सांडणारा माल कमी होत जातो, तुमच्या आमच्याकडे रिसेप्टर इतके जास्तीचे असतात की फरक पडत नाही, तिच्याकडे ती शिल्लकच नाही. नाटकवाल्या मावशींना मी हे फोनवर पूर्ण ऐकवलं, त्यांनी मध्येच "कुकर झाला वाटतं" म्हणून ठेवून दिला.

लोवी या शास्त्रज्ञाची गोष्ट तर तुम्ही काय रंगवून सांगितलीत, १९२१ सालची, दोन बेडकांची दोन हृदयं, एकाची नस छेडून त्याला मंद केलं, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर घातलं तर तेही मंद, म्हणजे नस काहीतरी सोडते हे सिद्ध. १९३६ला त्याला आणि डेलला नोबेल. पण मला जास्त आवडली ती मेरी वॉकर. १९३४, ग्रिनिचच्या एका हॉस्पिटलातली साधी डॉक्टर, तिला दिसलं की हे पेशंट क्युरारे विष चढलेल्या माणसासारखे दिसतात, मग त्या विषाचा उतारा यांना देऊन बघू की, आणि दिला, आणि पापण्या उघडल्या. अँटिबॉडीचं कोडं सुटायला पुढे सत्तरचं दशक उजाडलं, म्हणजे औषध आधी आणि कारण नंतर. आपल्या आईची पायरिडोस्टिग्मिन त्याच उताऱ्याच्या घराण्यातली.

आणि ती चिठ्ठी. मराठी, गुजराती दोन्हीत तुमच्या त्या वळणदार अक्षरात, "मला मायस्थेनिया आहे, कोणतंही अँटिबायोटिक देण्याआधी माझ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा." काही अँटिबायोटिक्स याच फटीत गडबड करतात हे कोण सांगणार होतं आम्हाला. ती लॅमिनेट करून आईच्या पर्समध्ये आहे. गोळीने पोटात गुरगुरतं, तोंडाला पाणी सुटतं म्हणून आई ती गुपचूप चुकवायला बघत होती, तेव्हा तुम्हीच सांगितलंत की असिटिलकोलीन आतड्यालाही हुकूम देतं, तिथेही ते जास्त टिकतं म्हणून असं होतं, चुकवू नका, डॉक्टरांना सांगा. सांगितलं, त्यांनी डोस बदलून दिला, आता बरं आहे.

बरं, रविवारी सेव उसळ करतेय. साडेअकराला या, आई पावणेअकराला गोळी घेईल म्हणजे तुमच्या पंगतीला पाव नीट चावता येईल. तर्री वेगळी काढून ठेवते, तुमची अ‍ॅसिडिटी मला माहितीय, आणि काकूंनाही आणा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची